अर्जातल्या दहा ओळींचा हिशेब

येरवड्याच्या एका वाचक भगिनीचे पत्र आमच्यासमोर आहे. त्यांची मुलगी बारावीत आहे. दहावीला चांगले मार्क पडले, अकरावीतही पहिल्या पाचात होती. तेव्हा कॉलेजातल्या एका बाईंनी तिला सांगितले की, केवळ सीईटीवर थांबू नकोस, शिष्यवृत्ती देणाऱ्या मोठ्या विद्यापीठांतही अर्ज कर. मुलीने मोबाईलवर अर्ज उघडला आणि तिथेच अडली. मार्कांचे रकाने तिने पाच मिनिटांत भरले. त्यापुढे दोन गोष्टी मागितल्या होत्या. एक, वर्गाबाहेर काय काय केले त्याची यादी. दुसरी, स्वतःविषयी निबंध.

भगिनी लिहितात, “आमच्या मुलीने शाळा, घर आणि मक्तब यापलीकडे काहीच केलेले नाही. बुद्धिबळ नाही, पोहणे नाही, पियानो नाही. मग तिने लिहायचे काय? आणि कुणाला थोडीफार मदत केली असेल, तर ती स्वतःच्या तोंडाने कशी सांगायची? हा रिया नाही का?”

प्रश्न दोन आहेत आणि दोन्ही खरे आहेत. असे प्रश्न गेल्या काही वर्षांत आमच्याकडे वारंवार येऊ लागले आहेत. म्हणून या महिन्याचे पान त्यांनाच देत आहोत.

हे अर्ज कुठे लागतात?

आपल्या राज्यात इंजिनिअरिंग, मेडिकल, फार्मसी यांचे दार मार्कांनी उघडते. जेईई, नीट, सीईटी यांत जो आकडा येईल तो येईल. तिथे तुमच्या स्वभावाबद्दल, घराबद्दल कुणी विचारत नाही. त्यामुळे आपल्या घरांत प्रवेश म्हणजे मार्क, गुणवत्ता यादी आणि कॅप राउंड एवढेच समीकरण पक्के बसले आहे.

पण दुसऱ्या प्रकारच्या संस्थाही आहेत. पुण्याजवळ मुळशी तालुक्यात १९९७ पासून युनायटेड वर्ल्ड कॉलेजचे महिंद्रा कॉलेज आहे. तिथे दहावी-अकरावीच्या वयाच्या मुलांची निवड होते आणि देशोदेशीची मुले एकत्र राहून शिकतात. लवळ्याला फ्लेम विद्यापीठ आहे. हरियाणात सोनीपतला अशोका विद्यापीठ आहे. बंगळुरूला अझीम प्रेमजी विद्यापीठ आहे, जिथे प्रवेश परीक्षेनंतर मुलाखत होते आणि घरच्या उत्पन्नानुसार फीमध्ये मोठी सवलत मिळते. प्रत्येकाची पद्धत वेगळी आहे. कुठे निबंध, कुठे उपक्रमांची यादी, कुठे मुलाखत, कुठे हे सगळे. पद्धत दरवर्षी थोडीफार बदलते. म्हणून नियम त्या वर्षीच्या अर्जावरूनच वाचावेत, कुणाच्या सांगण्यावरून नव्हे.

परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांना तर हे चुकतच नाही. अमेरिकेतली शेकडो कॉलेजे ‘कॉमन अ‍ॅप’ नावाचा एकच अर्ज घेतात. तो दरवर्षी १ ऑगस्टला खुला होतो. त्यात जास्तीत जास्त १० उपक्रम लिहिता येतात आणि प्रत्येक उपक्रमाच्या वर्णनाला मोकळ्या जागा धरून १५० अक्षरे मिळतात. आठवड्याला किती तास, वर्षाला किती आठवडे, कोणत्या इयत्तेत, हेही सांगावे लागते. सोबत २५० ते ६५० शब्दांचा एक निबंध असतो. इंग्लंडच्या ‘यूकास’ अर्जात २०२६ च्या प्रवेशापासून तीन प्रश्न आहेत: हा विषय का, शिक्षणाने त्यासाठी काय तयारी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय तयारी केली. तिन्ही उत्तरे मिळून ४००० अक्षरांत बसवायची असतात.

पैशाचीही गोष्ट इथेच सांगून टाकतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट यांसारखी मोजकी कॉलेजे परदेशी मुलांनाही फी भरण्याची ऐपत न पाहता निवडतात आणि निवड झाली की गरजेएवढी मदत देतात. पण बहुसंख्य कॉलेजे परदेशी मुलाची निवड करताना त्याला किती मदत लागेल हेही पाहतात. म्हणून ‘अमेरिकेत सगळ्यांना स्कॉलरशिप मिळते’ असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. अर्जाची फी परवडत नसेल तर ती माफ करून घेण्याची सोय मात्र असते. ती मागण्यात संकोच नको.

या रकान्यांचा इतिहास

निबंध आणि उपक्रम मागण्याची ही रीत आली कुठून, हे आपल्या लोकांना ठाऊक असायला हवे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत आणि विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतली मोठी कॉलेजे मुख्यतः प्रवेश परीक्षेवरच मुले घेत. या परीक्षांत ज्यू स्थलांतरितांची मुले पुढे येऊ लागली. शिंप्यांची, फेरीवाल्यांची ही मुले रात्रंदिवस अभ्यास करत. १९२२ च्या सुमारास हार्वर्डच्या नव्या विद्यार्थ्यांत पाचातला एक ज्यू होता. हार्वर्डचे तेव्हाचे अध्यक्ष लॉवेल यांना हे खटकले. त्यांनी ज्यूंची संख्या मर्यादित करण्याचा प्रस्ताव मांडला, त्यावर गदारोळ झाला. मग उघड कोटा न ठेवता दुसरी वाट काढली गेली. मार्कांबरोबर ‘चारित्र्य’, ‘व्यक्तिमत्त्व’, ‘नेतृत्व’ पाहायचे ठरले. अर्जात फोटो, घराण्याची माहिती, शिफारसपत्रे, मुलाखती आल्या. १९२० च्या दशकात हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन या तिघांनीही ही वाट धरली. आज आपली मुले जो अर्ज भरतात त्याची मुळे तिथे आहेत.

म्हणजे हे रकाने मुळात एका अल्पसंख्य समाजाच्या हुशार मुलांना दाराबाहेर ठेवण्यासाठी वाढवले गेले. पुढे काळ बदलला. याच रकान्यांतून काळ्या, गरीब, स्थलांतरित घरांतल्या मुलांनाही आपली गोष्ट सांगता येऊ लागली. २९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई केली. पण त्याच निकालात असेही म्हटले की, वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला, त्यातून आपण काय कमावले, हे एखाद्याने निबंधात लिहिले तर कॉलेज ते विचारात घेऊ शकते.

याचा अर्थ आम्ही असा घेतो: रकाना आपल्यासाठी बनवलेला नाही, म्हणून तो रिकामा सोडून येऊ नये. त्यात आपले खरे लिहावे.

हा रिया आहे का?

भगिनींच्या दुसऱ्या प्रश्नाकडे आधी येतो, कारण त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय मुलीचा हात मोकळा होणार नाही. आपल्याकडे मुलांना लहानपणापासून शिकवतात की, उजव्या हाताने दिलेले डाव्याला कळू नये. ही तरबियत फार मोलाची आहे. मग तीच मुले अर्जासमोर बसतात आणि गोंधळतात. वाट्याला आलेले दहा रकाने तशीच कोरी ठेवतात, किंवा ‘थोडी समाजसेवा’ असे लिहून मोकळी होतात.

सूरह यूसुफ आठवा. हजरत यूसुफ (अलै.) तुरुंगातून बाहेर आले, बादशहाने त्यांना जवळ बोलावले, तेव्हा त्यांनी स्वतःहून सांगितले की राज्याच्या कोठारांचे काम माझ्याकडे द्या, मी ते सांभाळू शकतो आणि मला त्याची जाण आहे. यात बढाई नव्हती. पुढे दुष्काळ येणार होता आणि काम कुणीतरी नीट करायला हवे होते. आपल्याला काय येते हे विचारणाऱ्यासमोर खरेखरे सांगणे आणि वाहवा मिळवण्यासाठी चारचौघांत मिरवणे, यांत फरक नियतीचा आहे. सदका उघडपणे दिला तरी तो चांगलाच, गुपचूप दिला तर अधिक चांगला, ही शिकवणही सूरह बकरामध्ये आहे. उघडपणाला सरसकट बंदी नाही.

तरी एक हद्द आम्ही सुचवतो. ज्याला मदत केली त्याची अब्रू अर्जात येऊ नये. त्याचे नाव, त्याचा फोटो, त्याच्या घरची अडचण लिहायची गरज नाही. आपण केलेले काम लिहावे, घेणाऱ्याचे दैन्य लिहू नये. रमजानमध्ये रेशनच्या पिशव्या भरल्या असतील तर किती पिशव्या, किती दिवस, तुमच्याकडे कोणते काम होते, एवढे पुरे. आणि जे काम निव्वळ अल्लाहसाठी केले आणि कुणाला कळू नये असे मनापासून वाटते, ते खुशाल अर्जाबाहेर ठेवावे. दहाही रकाने भरलेच पाहिजेत असा नियम नाही. पाच खरी कामे दहा ओढूनताणून आणलेल्या कामांपेक्षा बरी.

‘काहीच केलेले नाही’ म्हणजे काय?

आता पहिला प्रश्न. मुलीने काही केलेले नाही, असे तिच्या अम्मींना वाटते. आमची विनंती आहे की त्यांनी एक आठवडा एक वही ठेवावी. मुलगी फज्रला उठल्यापासून झोपेपर्यंत काय करते, ते तासांसह लिहावे. कॉलेज आणि अभ्यास सोडून.

उदाहरणासाठी येरवड्यातले एक घर डोळ्यांसमोर आणू. अम्मी सकाळी कामावर जातात. मुलगी धाकट्या दोघांना उठवून डबे भरते, शाळेत सोडते. संध्याकाळी त्यांचा गृहपाठ घेते, पोळ्या करते. शनिवार-रविवारी अब्बांच्या फळांच्या गाडीचा हिशेब लिहिते. ईदच्या आधी महिनाभर खालाबरोबर पिको-फॉल आणि शिलाईची कामे करते. शिवाय गल्लीतल्या बायका आपले आधारचे, रेशन कार्डाचे, मुलांच्या शिष्यवृत्तीचे फॉर्म घेऊन तिच्याकडे येतात, कारण तिला मोबाईलवर ते भरता येतात. आणि हीच मुलगी म्हणते, मी काहीच करत नाही!

कॉमन अ‍ॅपच्या यादीत उपक्रमाचा प्रकार निवडावा लागतो. त्या प्रकारांत ‘घरच्या जबाबदाऱ्या’ आणि ‘पगारी काम’ हे प्रकार स्वतंत्रपणे दिलेले आहेत. म्हणजे पियानो वाजवणे आणि भावंडे सांभाळणे या दोन्हींना त्या कागदावर जागा आहे. प्रश्न फक्त नीट लिहिण्याचा आहे. ‘घरकामात मदत करते’ असे लिहिले तर वाचणाऱ्याला काही दिसत नाही. त्याऐवजी असे लिहावे:

१) दोन धाकट्या भावंडांची देखभाल: डबा, शाळेत ने-आण, रोज गृहपाठ, संध्याकाळचा स्वयंपाक. नववीपासून, आठवड्याला १८ तास, वर्षाचे ५० आठवडे.

२) वडिलांच्या फळगाडीचा हिशेब: खरेदी, विक्री, उधारी यांची वही ठेवते, कोणते फळ किती खराब होते ते लिहून खरेदी कमी-जास्त केली. आठवड्याला ६ तास.

३) गल्लीतल्या घरांचे सरकारी फॉर्म: आधार दुरुस्ती, रेशन, शिष्यवृत्ती. दोन वर्षांत सुमारे ४० फॉर्म, मोबदला न घेता.

४) हिफ्ज: रोज पहाटे दीड तास, नवा सबक आणि जुन्याची उजळणी. तीन वर्षांत ११ पारे.

यात एकही मोठा शब्द नाही. काम, तास, आकडा आणि आपण त्यात काय बदल केला, एवढेच आहे. आकडे अर्थात प्रत्येकीने आपल्या वहीतले घालावेत. हिफ्जबद्दल काही पालक विचारतात, लिहावे की लपवावे? आम्ही म्हणतो, तीन वर्षे रोज पहाटे उठणे हे कोणत्याही देशातल्या प्राध्यापकाला कळते. फक्त ‘हिफ्ज’ म्हणजे काय, हे त्या ओळीत चार शब्दांत समजावून सांगावे. वाचणाऱ्याला आपले शब्द माहीत असतीलच असे धरून चालू नये.

ओळींचा क्रमही महत्त्वाचा आहे. जे काम सर्वांत जास्त वर्षे आणि सर्वांत मनापासून केले ते वर. एका दिवसाचे वृक्षारोपण किंवा एका स्पर्धेचे प्रमाणपत्र खाली, किंवा गाळून टाकावे.

इथे थोडे थांबून पालकांशी बोलायचे आहे. ही वही भरून झाली की ती अब्बांनीही वाचावी, आणि घरात मोठा भाऊ असेल तर त्यानेही वाचावी. मुलगी आठवड्याला वीस-बावीस तास घर सांभाळते आणि त्याच वयाचा तिचा भाऊ शून्य तास, असे त्या वहीत दिसले तर ते अर्जासाठी नव्हे, आपल्या घरासाठी वाचायचे आहे. अर्जात ते तास तिच्या बाजूने बोलतील, पण तेच तास तिच्या अभ्यासातून गेलेले आहेत. ज्या घराने मुलीला अर्ज करायला लावले, त्या घराने ऑक्टोबर ते मार्च तिच्या वाट्याच्या पोळ्या दुसऱ्या कुणाला लाटायला लावाव्यात. एवढे झाले तरी या वहीचा उपयोग झाला असे आम्ही समजू.

निबंध: लहान विषय, खरी गोष्ट

निबंध म्हटले की आपल्या मुलांना ‘माझा आवडता सण’ किंवा ‘मी पंतप्रधान झालो तर’ आठवते. हा निबंध तसा नाही. इथे ज्ञान दाखवायचे नसते. हा मुलगा किंवा ही मुलगी विचार कसा करते, अडचण आली तर काय करते, हे वाचणाऱ्याला कळायला हवे.

याचा उत्तम नमुना पुण्यातच आहे. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ नियतकालिकात मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. ती जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकत होती. तिने जे पाहिले, जे सोसले आणि त्यावर जे प्रश्न पडले ते लिहिले. शाळेत जाऊन तिला फार वर्षे झालेली नव्हती. तरी पावणेदोनशे वर्षे होत आली, तो निबंध अजून वाचला जातो. कारण ते दुसऱ्या कुणालाही लिहिता आले नसते.

‘मला जगातली गरिबी दूर करायची आहे’ हे वाक्य हजारो मुले लिहितात. त्याऐवजी आपल्या मुलीने आपल्या नानीच्या नावाची गोष्ट लिहावी. आपल्या घरांत ही गोष्ट नवी नाही. आधारवर एक नाव, रेशन कार्डावर दुसरे, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तिसरे. शेखचे स्पेलिंग तीन प्रकारे. एका अक्षरापायी पेन्शन अडते, नातवाची शिष्यवृत्ती अडते. समजा, एखाद्या मुलीने आपल्या नानीचे नाव सर्व कागदांवर एकसारखे करून घेतले. त्यासाठी किती चकरा मारल्या, कोणता कागद कुठे लागतो हे कसे शोधले, राग कुठे आला, खिडकीपलीकडच्या माणसाशी कसे बोलली, आणि त्यातून तिला कायदा शिकावा की संगणक शिकावा असे का वाटले, हे तिने साडेसहाशे शब्दांत लिहिले, तर तो निबंध तिचाच राहील.

येरवड्याच्या मुलांजवळ असे विषय भरपूर आहेत. पुण्यात कुठेही ‘मी येरवड्याची’ म्हटले की लोक हसून जेल किंवा मनोरुग्णालय काढतात. ती थट्टा वर्गात रोज ऐकणाऱ्या मुलाला त्यावर काहीतरी म्हणायचे असेल. नदीला पाणी आले की सखल वस्त्यांत ते घरात शिरते आणि दप्तर, पुस्तके माळ्यावर चढवावी लागतात. जवाहरलाल नेहरू नागरी नूतनीकरण योजनेत इथल्या काही वस्त्यांत लोकांना न हलवता जागच्या जागी २७० चौरस फुटांची पक्की घरे बांधली गेली. पत्र्याच्या घरातून तशा घरात आलेल्या मुलाने भिंत, खिडकी, शेजार यांत काय बदलले ते लिहिले तर स्थापत्यशास्त्राचा प्राध्यापकही लक्ष देऊन वाचेल.

मात्र एक सावधगिरी. दुःख विकायला काढू नये. हल्ली काही सल्लागार मुलांना सांगतात की, जितकी गरिबी आणि जितका छळ दाखवाल तितकी संधी जास्त. आपण मुसलमान आहोत, त्यामुळे भेदभावाचे प्रसंग आपल्या मुलांच्या आयुष्यात येतात, हे खरे आहे. ज्या मुलाला त्यावर लिहावेसे वाटते त्याने जरूर लिहावे. पण निबंधात झालेला अन्याय दोन ओळींत आणि त्यानंतर आपण काय केले ते दहा ओळींत यावे. आणि ज्याला त्यावर लिहायचे नाही, ज्याला फक्त गणितावर किंवा पतंगाच्या मांज्यावर लिहायचे आहे, त्याच्यावर समाजाचे ओझे टाकू नये. तो कोण आहे हे त्याच्या नावावरून कळेलच.

लिहिण्याची पद्धत अशी ठेवावी. पहिला मसुदा इंग्रजीत लिहूच नये. ज्या भाषेत घरी बोलतो, मग ती मराठी असो की दक्खनी, त्या भाषेत मोबाईलवर दहा मिनिटे बोलून रेकॉर्ड करावे. अम्मीला, आपाला, मैत्रिणीला ऐकवावे. त्यांना कुठे हसू आले, कुठे त्या ‘मग काय झाले?’ म्हणाल्या, ती जागा धरून ठेवावी. मग साध्या इंग्रजीत उतरवावे. शब्दकोशातून अवघड शब्द आणून चिकटवू नयेत. दोन दिवस बाजूला ठेवून पुन्हा वाचावे. मोठ्याने वाचताना जिथे जीभ अडेल ते वाक्य मोडून दोन करावीत. असे चार-पाच वेळा झाले की निबंध तयार होतो.

अमानत

आता सर्वांत महत्त्वाचे. अर्जाच्या शेवटी मुलाची सही असते की, वर लिहिलेले सर्व खरे आहे आणि माझेच आहे. ही सही म्हणजे गवाही आहे.

मोठ्या शहरांत लाखांच्या घरात फी घेऊन निबंध ‘तयार करून देणारे’ आहेत. मोबाईलवर कृत्रिम बुद्धिमत्तेकडून अर्ध्या मिनिटात फुकट निबंध लिहून मिळतो. स्पेलिंग तपासायला किंवा एखादा शब्द समजून घ्यायला मदत घेणे वेगळे आणि निबंधच लिहून घेणे वेगळे. यंत्राने लिहिलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणे हे कॉमन अ‍ॅपच्या नियमांतही फसवणुकीत धरले आहे. आणि नियम नसता तरी ती फसवणूकच ठरली असती.

२०१९ च्या मार्चमध्ये अमेरिकेत एक मोठे प्रकरण बाहेर आले. श्रीमंत पालकांनी विल्यम सिंगर नावाच्या सल्लागाराला पैसे देऊन मुलांच्या नावावर खोटे खेळ दाखवले होते, परीक्षेतले गुण वाढवून घेतले होते. ज्यांनी कधी तो खेळ खेळला नव्हता त्यांचे खेळाडू म्हणून फोटो तयार झाले. पन्नास जणांवर आरोप ठेवले गेले, पालक तुरुंगात गेले आणि २०२३ मध्ये सिंगरला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. २०२४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका विद्यापीठात आपल्या देशातला एक विद्यार्थी पकडला गेला. त्याने खोटी गुणपत्रके जोडली होती आणि मदत मिळावी म्हणून जिवंत वडिलांचा मृत्यूचा दाखला बनवला होता. त्याला अटक झाली, विद्यापीठातून काढले आणि मायदेशी परतावे लागले. जी जागा आणि जी मदत एखाद्या खऱ्या गरजू मुलाला मिळाली असती ती त्याने वर्षभर अडवून ठेवली होती.

श्रीमंताचे मूल खोटे बोलले तर ‘एक मुलगा’ पकडला जातो. आपल्या मोहल्ल्यातले मूल पकडले गेले तर त्या शाळेच्या पुढच्या दहा अर्जांकडे संशयाने पाहिले जाते. हा न्याय नाही, पण व्यवहार असाच चालतो. म्हणून आकडा वाढवून लिहिण्याआधी मुलांनी मागून येणाऱ्या भावंडांचा विचार करावा. आठवड्याला ६ तास असतील तर ६ च लिहावेत.

पालक काय करू शकतात?

फार काही नाही, पण जे आहे ते वेळेवर. अमेरिकेच्या अर्जाच्या मुदती साधारण नोव्हेंबरच्या सुरुवातीला आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असतात. इंग्लंडसाठी ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि मेडिकलची मुदत ऑक्टोबरच्या मध्यावर आणि बाकी बहुतेकांची जानेवारीत. भारतातल्या खाजगी विद्यापीठांच्या फेऱ्याही बारावीच्या परीक्षेआधीच सुरू होतात. म्हणजे तयारी अकरावीच्या सुट्टीत व्हायला हवी.

शिफारसपत्रासाठी शिक्षकांना दोन महिने आधी भेटावे. आपल्या अनेक शाळांत असे पत्र लिहिण्याची सवय नसते आणि सर ‘मुलगी हुशार व शिस्तप्रिय आहे’ असे एका ओळीत लिहून देतात. त्यांना मुलीच्या कामांची यादी द्यावी आणि अदबीने विनंती करावी की, सर, वर्गातला एखादा प्रसंग लिहा. उत्पन्नाचा दाखला, आधार, पासपोर्ट यांवरील नावे एकसारखी आहेत की नाहीत, हे आजच पाहावे. निबंध वाचावा, पण तो स्वतः लिहू नये. आणि ज्या गोष्टी मुलाला घरच्या म्हणून सांगायच्या नसतील, त्या लिहायला लावू नयेत.

शेवटी, निवड होईलच याची हमी कुणी देऊ शकत नाही. मोठ्या कॉलेजांत शंभरातली पंच्याण्णव मुले नाकारली जातात आणि त्यांतली बरीचशी हुशार असतात. म्हणून सीईटीची तयारी चालू ठेवावी, पुण्यातल्या कॉलेजांचे अर्जही भरावेत. प्रयत्न आपला, फैसला अल्लाहचा. नकार आला तर त्याचा अर्थ ‘आम्ही कमी’ असा घरात कुणी काढू नये.

भगिनींना आमचे सांगणे एवढेच: आज मगरिबनंतर एक कोरी वही आणि मुलीला घेऊन बसा. पहिल्या पानावर तारीख टाका आणि तिने सकाळपासून काय केले ते तिलाच लिहू द्या. दहा ओळी होतील, इन्शाअल्लाह.